सात नंबरचा दाणा

आमच्या मावसाजींनी जितक्या पापण्या मार्गी लावल्या तितक्या ब्रह्मदेवानेही घडवल्या नसतील, आणि गंमत म्हणजे त्यांतली एकही पापणी त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती. यात अतिशयोक्ती आहे ती फक्त ब्रह्मदेवापुरती. मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. नागपुरातल्या एका डोळ्यांच्या इस्पितळात ते रेकॉर्डखोलीचे प्रमुख होते. प्रमुख अशासाठी म्हणायचं की खोलीत ते एकटेच असत. ऐंशी सालच्या आगेमागे मी तिथे टायपिस्ट म्हणून लागलो तेव्हा त्यांच्या हाताखाली एक माणूस झाला, आणि मी राहायलाही त्यांच्याच घरी असल्यामुळे तो माणूस चोवीस तास हाताखालीच राहिला. पहिल्या दिवशी त्यांनी हजेरीपटात माझ्या नावापुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'नातेवाईक, बायकोकडून'. मी म्हटलं, "मावसाजी, हे लिहायची काय गरज?" ते म्हणाले, "बाबू, जे लिहिलं नाही ते लोक आपल्या मनानं भरतात. त्यांले काहून तरास द्यायचा?"

रेकॉर्डखोलीचं काम बाहेरच्या माणसाला समजावणं कठीण. डॉक्टर रोग्याला तपासतो, कापतो, शिवतो, रोगी टोपी घालून घरी जातो आणि मागे एक कागद उरतो. तो कागद मावसाजींकडे यायचा आणि त्या रोगाची या जगातली नेमकी जागा कोणती ते ठरायचं. त्यासाठी सातासमुद्रापलीकडून आलेलं उशीएवढं जाड पुस्तक होतं. माणसाला होऊ शकतो तो प्रत्येक आजार त्यात होता आणि प्रत्येकाला नंबर होता. खंडेनवमीला मावशी पाटावर विळी आणि शिवणयंत्राची चिमुकली कात्री मांडायची, तर मावसाजी इस्पितळातून हे पुस्तक रिक्षात बसवून घरी आणायचे आणि त्याला झेंडू वाहायचे. त्या पुस्तकात पापणीच्या कातडीवरच्या निरुपद्रवी वाढीला, म्हणजे मस, तीळ असल्या साध्यासुध्या गाठीला, नंबर होता दोनशे सोळा पॉइंट एक. 'पापणी, डोळ्याच्या कोपऱ्यासकट.' हे 'कोपऱ्यासकट' मावसाजी अशा थाटात म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, वडिलोपार्जित शेताच्या चतुःसीमा सांगताहेत. मोतीबिंदूबद्दल, काचबिंदूबद्दल त्यांना आदर होता. जीव मात्र दोनशे सोळा पॉइंट एकवर. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "मोतीबिंदूले सारेच ओळखतात. ह्या गाठीचं कोणी नाही."

डॉक्टर मंडळी या गाठीबद्दल खरंच फार बेफिकीर. एका तरुण डॉक्टरने कागदावर नुसतं लिहिलं, 'गाठ काढली.' दहा मिनिटांत कागद टाचणी लावलेल्या चिठ्ठीसह परत गेला: 'कुठून काढली? सीताबर्डीतून?' डॉक्टरने लिहिलं, 'पापणीवरून.' दुसरी चिठ्ठी गेली: 'देवाने चार दिल्या आहेत.' तिसरी चिठ्ठी कोपऱ्याबद्दल, चौथी आकाराबद्दल, पाचवी जातकुळीबद्दल: 'मस, तीळ की रांजणवाडी? रांजणवाडी असल्यास ती माझी नाही, तिचा नंबर दुसरीकडे.' पुढे पुढे तो डॉक्टर व्हरांड्याच्या एका टोकाला मावसाजी दिसले की दुसऱ्या टोकाच्या पहिल्या उघड्या दारात शिरे. एकदा तो घाईत बायकांच्या वॉर्डात शिरला आणि त्याबद्दल त्याला लेखी खुलासा द्यावा लागला. तो खुलासाही मावसाजींनी अपुरा म्हणून परत पाठवला असं लोक सांगतात. मी सांगत नाही, लोक सांगतात.

रोग्याकडे पाहायला मात्र त्यांना बंदी होती, त्यांनीच घातलेली. इस्पितळात ते मागच्या दाराने येत आणि मागच्याच दाराने जात. "चेहरा दिसला की मन म्हणते, असन बुवा साधंच. मंग नंबर मन देते, कागद देत नाही." कागदावर तर त्यांची इतकी माया की मे महिन्यात, नागपुरात पाखरं झाडावरून पिकून पडावीत अशा उन्हात, ते खोलीतला कूलर बंद करून बसत, कारण कूलरच्या वाऱ्याने कागद उडतात. मी घामाने विरघळून टाइपरायटरच्या पट्ट्यांवर ठिबकत असे. "कागद उडाला तं माणूस उडाला," असं म्हणून ते माझ्याकडे स्वतःचा ओला टॉवेल फेकत. तो टॉवेलही कागदांपासून हातभर लांब वापरायचा, ही अट.

पण मावसाजींची कीर्ती झाली ती दाण्यांच्या पेटीमुळे. गाठ केवढी, हे डॉक्टर ज्याच्या त्याच्या गावाप्रमाणे लिहीत. कोणी मुगाएवढी म्हणे, कोणी मिरीएवढी. कोकणातून आलेल्या एकाने तर 'करवंदाएवढी' असं लिहिलं, तेव्हा मावसाजींनी विचारलं, 'मग डोळा कुठे ठेवला?' मिलिमीटरची एक पट्टी इस्पितळात होती, पण ती बडे डॉक्टर पाठ खाजवायला वापरत. शिवाय मावसाजींचं म्हणणं असं, की खेड्यावरच्या बाईला 'मागच्या साली ही किती मिलिमीटर होती?' असं विचारून कोणाचं भलं होणार? तिला दाणा विचारा, ती बरोबर सांगेल. शेवटी वैतागून बडे डॉक्टर म्हणाले, "मग दाणे तुम्हीच ठरवा एकदाचे." त्यांनी हे चिडून म्हटलं होतं, मावसाजींनी तो हुकूम समजून इतवारीचा धान्यबाजार गाठला.

त्या दिवशी मी बरोबर होतो. हमालांची, हातगाड्यांची रेटारेटी, पोत्यांचा धुरळा, आणि त्यात मावसाजी एका ठोक व्यापाऱ्याच्या गादीसमोर उभे. व्यापारी म्हणाला, "बोला साहेब, किती पोते?"

"एक दाणा."

"क्या?"

"तुरीचा एक. उडदाचा एक. मुगाचा एक. पण बेताचा पाहिजे, लई मोठा नाही, लई बारीक नाही."

व्यापाऱ्याने आधी मावसाजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दुकानातल्या माणसाला हाक मारली, "अरे, इनको पानी पिलाओ." पण मावसाजींनी हेतू समजावून सांगितला तेव्हा तो गृहस्थ असा रंगला की गादीवरून उतरून दुपारभर दाणे निवडत बसला, तीन गिऱ्हाइकं परत गेली. होमिओपथीच्या रिकाम्या शिश्यांत आठ दाणे बसले: खसखस, राजगिरा, मोहरी, ज्वारी, मूग, उडीद, तूर, वाटाणा. तिळाला जागा नव्हती, कारण तिळाएवढा तीळ असं कोणी लिहिलं तर वाचणाऱ्याने काय समजावं? तूर सात नंबरची. पेटी तपासणीच्या खोलीत गेली. डॉक्टर चिमट्यात दाणा धरून पापणीशेजारी नेत आणि नंबर लिहीत. महिनाभर सगळे हसले आणि मग सगळे वापरू लागले. रोगी तर खूष. "मले पाच नंबरची हाये," "मले चार," असं बाकावर बसून एकमेकांना सांगत.

आता पुढचं नीट ऐका, कारण इथे मावसाजींचा पाय घसरला. एका पावसाळ्यात सात नंबरच्या दाण्याला भुंगा लागला. तपासणीच्या खोलीतून निरोप आला, तूर पाहिजे, रोगी खोळंबलेत. मावसाजींनी घरून डबा घेऊन आलेल्या मला तसंच उलट पिटाळलं, "मावशीजवळून एक लाल तूर आण." मी आणली, त्यांनी शिशीत टाकली. पंचवीस वर्षांच्या नोकरीत ही एकच गोष्ट त्यांनी न तपासता, न लिहिता केली.

त्यानंतर दिवाळीही झाली. एका रविवारी मावशीने तुरीच्या घुगऱ्या केल्या होत्या. मावसाजी खाता खाता थांबले. "काही दाणे शिजले, काही दातात कटकट करून राहिले. काहून वं?"

मावशी म्हणाली, "अजी, थोडीशी इतवारीची उरली होती, ती मिसळली. ती बारीक असते, लवकर शिजते. बाकीची माझ्या भावाची, कुहीच्या वावरातली. धानाच्या धुऱ्यावरची, बांधावरची तूर ते, पाणी पिऊन टपोरी होते."

मावसाजींचं चावणं बंद पडलं. त्यांनी तोंडातला दाणा तळहातावर काढला. मग ताटातून दोन्ही प्रकारचे वेचून, मग कोरडे डब्यातून आणून, ओळीने मांडले. बारीक, टपोरी. बारीक, टपोरी. मावशी म्हणाली, "खा ना!" मी सांगतो, फाशीची शिक्षा ऐकणारा माणूसही त्यांच्यापेक्षा टवटवीत दिसला असता.

रविवार असून आम्ही इस्पितळ उघडायला लावलं. पावसाळ्याच्या आधी जुन्या दाण्याने मापलेले आणि नंतर नव्या दाण्याने मापलेले, असे सात नंबरवाले कागद आम्ही शोधले. बहुतेकांच्या गाठी काढून झाल्या होत्या, प्रश्न मिटला होता. उरला एक. बाई, राहणार उमरेड, डावा डोळा, खालची पापणी, बाहेरचा कोपरा. उन्हाळ्यात 'सात नंबर'. शेरा: 'पावसाळ्यानंतर यावे. तेवढीच असल्यास हात लावू नये. वाढली असल्यास काढून तपासणीस पाठवावी.' दिवाळीनंतर ती बिचारी वेळेवर आली होती. 'सात नंबर. जैसे थे. घरी जावे.' दोन्हीकडे मावसाजींच्या हातचा दोनशे सोळा पॉइंट एक.

"जैसे थे नाही. नवा दाणा मोठा, तरी सातच भरली," मावसाजी म्हणाले. "वाढली. आपण तिले घरी पाठवलं."

बड्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, बहुतेक साधीच असेल. एवढं काय! पत्र टाका." पत्र टाकायचं तर पत्ता नव्हता. नुसतं 'राहणार उमरेड', आणि नाव इतकं सर्रास की बाजारात हाक मारली तर अर्ध्या बायका वळून पाहतील. पत्ता घेणं हे माझं काम होतं.

मग काय, एसटीने उमरेड. तो बाजाराचा दिवस निघाला. आजवर एकाही रोग्याकडे न पाहिलेला, पंचावन्न वर्षांचा, खिशाला तीन पेनं लावलेला हा गृहस्थ भर बाजारात कमरेत वाकून बायकांच्या डाव्या डोळ्यात पाहू लागला. मी म्हणत होतो, "मावसाजी, आधी चौकशी करू." पण त्यांना नाव, गाव काही आठवत नव्हतं, त्यांच्या डोक्यात फक्त बाहेरचा कोपरा होता. वांगीवालीसमोर ते जरा जास्तच वाकले.

"काय गा बुवा," ती म्हणाली, "वांगे खाली हायेत. तू वर काय पाहून राहिला?"

"डावी पापणी. खालची."

"कोणाची?"

"तेच तं पाहून राहिलो."

क्षणात माणसं जमली. एक पहिलवान बाह्या सारू लागला. मी मधे पडून ओरडलो, "डोळ्याच्या इस्पितळातले आहेत! इस्पितळातले!" झालं, वारं फिरलं. जो तो आपली पापणी ओढून दाखवू लागला. पहिलवान पहिला. मावसाजी नाही म्हणूच शकत नव्हते. "हा मस. हा तीळ. ही रांजणवाडी, माझी नाही, पुढं चला." अर्ध्या तासात वांगीवालीच्या दुकानापुढे रांग लागली आणि तिची वांगी संपली. त्या रांगेतल्या एका म्हातारीने सांगितलं, "आमच्या गल्लीत एक हाये ना, मागवाल्याची बायको. डाव्या डोळ्याले दाणा हाये तिच्या. नागपूरले दाखवून आली."

त्या घरात माग खटखटत होता आणि दाराशी पन्नाशीची एक बाई चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिने मान वर केली. मावसाजींनी पाहिलं आणि ते उभेच राहिले. हीच ती. तिनेच विचारलं, "कोण गा तुमी?"

"बाई, मी इस्पितळातला. माझी चूक झाली. दाणा बदलला आणि मी कोणाले सांगितलं नाही. तुमची गाठ वाढली, मी होती तेवढीच लिहिली."

बाईने चरखा थांबवला. "मंग तूर तुमची वाढली, मी काय करू?" आणि आत पाहून म्हणाली, "सूनबाई, च्या ठेव वं. इस्पितळातला माणूस चूक झाली म्हणून राहिला, पाहून घे, पुन्हा दिसनार नाही."

पण यायला ती तयार नव्हती. दुखत नाही, खुपत नाही, मागावर पातळ चढलेलं, ते उतरल्याशिवाय हलणार नाही.

"मी बसतो," मावसाजी म्हणाले.

"परवा उतरन ते."

"बसतो."

आणि ओट्यावर बसले. चहा आला, प्याले, पुन्हा बसले. बाईने चार कांड्या भरल्या. पाचवीला धागा तुटला. ती न पाहताच म्हणाली, "हे वाढलं तं काय होते?"

"बहुतेक काही नाही."

"बहुतेक म्हंजे?"

"म्हंजे मले लिहिता येत नाही असं," मावसाजी म्हणाले.

तिने तुटलेला धागा जोडला, गाठ मारली, दाताने टोक तोडलं. "उद्या येतो. जाय आता, लोक पाहून राहिले."

ती आली, सुनेला घेऊन. बड्या डॉक्टरांनी गाठ काढली, शिशीतून तपासणीला पाठवली. पुढचे आठ दिवस मावशीने घरात तुरीचं वरण केलं नाही. ताटात पाहून मावसाजी उठून जात. पुस्तकात वाईट गाठींचं पान वेगळं होतं. त्या पानात त्यांनी एक कागदाची पट्टी घालून ठेवली होती, आणि पान उघडत नव्हते. दर तासाला विचारत, "टपाल आलं?" नवव्या दिवशी लिफाफा आला तर त्यांनी तो फोडला नाही, माझ्यापुढे सरकवला. मी वाचलं. साधा मस. निरुपद्रवी. काही करायला नको.

"पुन्हा वाच."

मी तीनदा वाचलं. मग त्यांनी पुस्तकातली पट्टी काढली, कागदावर तिसऱ्यांदा दोनशे सोळा पॉइंट एक लिहिलं आणि खाली लाल शाईने: 'मापात चूक. दाणा बदलला, नोंद केली नाही. चूक रेकॉर्डखोलीची, डॉक्टरांची नाही.' खाली सही. बडे डॉक्टर म्हणाले, "अहो, काही झालं नाही ना? खोडा ते." मावसाजी म्हणाले, "झालं नाही हे आज समजलं साहेब. चूक पावसाळ्यात झाली." आणि डॉक्टरांच्या पाठीमागून ती मिलिमीटरची पट्टी काढून घेऊन तपासणीच्या खोलीत नेऊन ठेवली.

बाईला निकाल सांगितला तेव्हा ती म्हणाली, "मंग एवढे धावले काहून?" पण पुढच्या हिवाळ्यात ती आपणहून आली, गरज नसताना, सरळ रेकॉर्डखोलीत. "इकडे आलो होतो, म्हटलं दाखवून जावं." मावसाजींनी तिला खिडकीशी बसवलं, चश्मा पुसला, पाहिलं. "ठीक." "नीट पाहिलं ना?" "पाहिलं." मग ती सुताच्या, सुनेच्या चार गोष्टी सांगून गेली. दर हिवाळ्यात यायची. मावसाजी निवृत्त झाले तेव्हा मी तिला घरचा पत्ता दिला, या वेळी पूर्ण, नाक्यापासूनच्या खुणांसकट. ती घरी जाऊन पापणी दाखवायची आणि मावशीकडे जेवून परतायची.

मावसाजी एका उन्हाळ्यात गेले. त्या हिवाळ्यात ती घरी जाऊन मग इस्पितळात आली, कारण घराला कुलूप होतं, मावशी भावाकडे कुहीला गेली होती. "भाऊ कुठी गेले?" तिने मावसाजींबद्दल विचारलं. मी सांगितलं. ती स्टुलावर बसली. पदर सावरला. मी पाणी दिलं, तिने घेतलं नाही. मग तिने स्टूल खिडकीकडे ओढलं, चेहरा उजेडाकडे केला आणि एका बोटाने डावी पापणी खाली ओढून धरली.

"मंग तुमी पाहून घ्या," ती म्हणाली.

मी पाहिलं. तिथे काही नव्हतं. तरी मी बराच वेळ पाहत राहिलो.